गुरुवारी पाच वाजेपर्यंत

"मॅडम, या माणसाला 'बाय' आणि 'अनटिल'मधला फरक शिकवा. दोन शनिवार देतो."

असं म्हणून जोगदंड साहेबांनी ई-मेलच्या प्रिंटांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. जोगदंड म्हणजे वाळूजच्या एका कारखान्याचे प्लांट हेड, तिथले सर्वेसर्वा. कारखान्यात ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे गिअर बनतात. मी इंग्रजी शिकवते. बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं, आता कंपन्यांमध्ये जाऊन सुपरवायझर लोकांना मेल लिहायला शिकवते. माझं स्वतःचं इंग्रजी देवगाव रंगारीच्या शाळेत सुरू झालं, त्यामुळे कुणाच्या इंग्रजीला हसायची माझी ऐपत नाही.

गठ्ठ्यातला पहिला मेल असा होता : 'वी विल डिस्पॅच द मटेरियल अनटिल टुडे इव्हिनिंग पॉझिटिव्हली.'

आपण मराठीत 'संध्याकाळपर्यंत पाठवतो' असंही म्हणतो आणि 'संध्याकाळपर्यंत थांबतो' असंही म्हणतो. इंग्रजीला हे चालत नाही. काम त्या वेळेच्या आत संपणार असेल तर 'बाय', काम त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर 'अनटिल'. मेलप्रमाणे हा कारखाना संध्याकाळ होईपर्यंत माल पाठवतच राहणार होता. ही चूक मी शेकडो वेळा तपासली आहे, दहा मिनिटांत दुरुस्त होते. 'पॉझिटिव्हली'चं, म्हणजे 'अगदी नक्की'चं, मात्र काही करता येत नाही. आपल्याकडच्या मेलमध्ये तो शब्द दिसला की माल आज निघत नाही, एवढं पक्कं समजावं.

"कस्टमर परदेशातला आहे," जोगदंड म्हणाले. "नवीन आहे. मिसेस क्रामर म्हणून बाई आहे खरेदीला. तिनं लिहून कळवलंय की तुमचे मेल समजत नाहीत. रफिकला मेमो दिलाय मी. तीन मेमो झाले की ट्रान्स्फर, आमचा तसा नियमच आहे. उत्तराखंडच्या प्लांटला."

मेमो म्हणजे लेखी ताकीद. ती माणसाच्या फायलीत कायमची बसते.

रफिक शेख डिस्पॅचचे इन्चार्ज. तयार माल कधी निघणार हे ग्राहकाला कळवायचं आणि निघाला की गाडीत चढवून द्यायचा, हे त्यांचं काम. पन्नाशी उलटलेली, शर्टाच्या खिशाला तीन पेनं, आवाज एकदम खालचा. पडेगावला राहतात. बायको उर्दू शाळेत शिक्षिका. घरी अम्मी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सकाळी उठवून बसवायचं, तोंड धुवायचं, औषध द्यायचं, हे सगळं रफिकभाई स्वतः करतात आणि मग कंपनीच्या बसला येतात. ही माहिती मी काढली नाही, पहिल्या तासाला 'रोजच्या कामांची वेळ इंग्रजीत सांगा' म्हटलं तेव्हा त्यांनीच वाक्यांतून सांगितली.

"आय गिव्ह मेडिसिन टू माय मदर अनटिल सेव्हन."

"म्हणजे सात वाजेपर्यंत देतच राहता?"

"नाही मॅडम," ते हसले. "एकच गोळी आहे. बाय सेव्हन."

माणूस हुशार निघाला. दोन शनिवारांत आम्ही वेळेचे सगळे नेहमीचे शब्द उरकले. 'इन टू डेज' म्हणजे दोन दिवस गेल्यावर. 'विदिन टू डेज' म्हणजे दोन दिवसांच्या आत, केव्हाही. 'सिन्स'च्या पुढे सुरुवात सांगायची : सिन्स मंडे, सोमवारपासून. 'फॉर'च्या पुढे लांबी : फॉर थ्री डेज, तीन दिवस झाले. 'अगो' मागच्या गोष्टीला, 'लेटर' पुढच्या. 'ॲट द अर्लिएस्ट' आणि 'ॲज सून ॲज पॉसिबल' हे दोन्ही मी फळ्यावर लिहिले आणि त्यांच्यावर काट मारली.

"हे लिहायचं नाही. यानं समोरच्याला काहीच कळत नाही. 'बाय टुडे इव्हिनिंग' पण नको. तिची संध्याकाळ वेगळी, आपली वेगळी. वार लिहा आणि घड्याळाची वेळ लिहा. लक्षात राहील?"

"हौ मॅडम. वार आणि घड्याळ."

दुसऱ्या शनिवारी निघताना त्यांनी मला एक नमुना मेल दाखवला. एकही चूक नव्हती. मी स्वतःवर खूश होऊन घरी गेले, खोटं कशाला सांगू.

पुढच्या पंधरवड्यात एका शुक्रवारी जोगदंडांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या क्लासनंतर जास्त बिघडलंय. येऊन बघा जरा."

झालं होतं असं. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला मिसेस क्रामर यांनी ठरवलेला ट्रक गेटवर येऊन उभा राहिला. माल तयार नव्हता. ड्रायव्हर दोन तास थांबला आणि रिकामा गेला. ट्रक बंदरावर जाणार होता, तिथल्या जहाजात जागा राखलेली होती. ते जहाज आता या मालाशिवाय जाणार होतं. रफिकभाईंना दुसरा मेमो मिळाला होता.

मी मेल मागितला. 'द लॉट विल बी रेडी फॉर कलेक्शन बाय फाइव्ह पी.एम. ऑन थर्सडे.' गुरुवारी पाच वाजेपर्यंत माल उचलायला तयार असेल. लॉट म्हणजे एकत्र बनलेली गिअरची खेप. वाक्य इतकं नीट होतं की मी त्याला परीक्षेत पूर्ण मार्क दिले असते.

"यात चूक काय आहे, साहेब?"

"चूक? ट्रक रिकामा गेला, ही चूक. आता बाईचं उत्तर वाचा."

मिसेस क्रामर यांनी लिहिलं होतं की आधी तुम्ही 'संध्याकाळपर्यंत' लिहायचात तेव्हा आम्ही आमच्या मनानं दोन दिवस वाढवून धरायचो. या वेळी तुम्ही वार आणि तास दोन्ही दिले, म्हणून आम्ही विश्वास ठेवला.

वार आणि तास लिहा, हे मीच फळ्यावर लिहिलं होतं. तोपर्यंत बाईंनी या कारखान्याच्या शब्दातून दोन दिवस सूट काढून ठेवली होती आणि सगळ्यांचं बरं चाललं होतं. इथले जुने ग्राहक तर फोनवर सरळ विचारतात, "रफिकभाई, खरंच आज का मेलपुरतं आज?" मग दोघंही हसतात आणि खरी तारीख ठरते. मी येऊन ती सूट काढून टाकली. खोटी वेळ आता स्वच्छ इंग्रजीत गेली आणि खरी वाटली.

मी रफिकभाईंच्या टेबलाशी गेले. त्यांनी उठून खुर्ची दिली.

"रफिकभाई, हे पाच कुठून आले?"

"तुम्हीच सांगितलं ना मॅडम, घड्याळ लिहा."

"हो, पण पाचच का? तीन का नाही, सात का नाही?"

"साहेब बोलले, गुरुवार टाकून द्या. तर गुरुवार टाकला. वेळ कोणी बोललं नाही. पाच बरं दिसतं, म्हणून पाच."

"आणि गुरुवार साहेबांनी कुठून आणला?"

"कस्टमरनं विचारलं होतं, गुरुवारी मिळेल का म्हणून. तर साहेब बोलले, हो म्हणा." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "आपल्याकडं कस्टमरला नाही लिहायचं नसतं मॅडम. तारीख येईपर्यंत हो. तारीख गेली की सॉरी. मी लागलो तेव्हापासून असंच आहे."

"माल खरंच कधी होणार, हे कुणाला माहीत असतं?"

हा प्रश्न त्यांना बहुधा कुणी विचारला नव्हता. त्यांनी खिडकीतून शॉपकडं, म्हणजे जिथं यंत्रं चालतात त्या शेडकडं बोट दाखवलं. "भट्टीवाल्याला असेल."

गिअर कापून झाला की तो मऊ असतो. त्याचे दात घासून जाऊ नयेत म्हणून तो भट्टीत तापवून, तेलात बुडवून कडक करतात. याला हीट ट्रीटमेंट म्हणतात. भट्टीत एका वेळी ठरावीकच माल मावतो आणि एकदा आत गेला की ठरलेल्या वेळेआधी तो कुणाच्या बापाला बाहेर काढता येत नाही. म्हणजे सगळ्या कारखान्याचा वेळ त्या एका दारापाशी अडकतो. हे मला रफिकभाईंनी चालता चालता समजावलं. वर म्हणाले की भट्टीशी ते स्वतः चार-सहा महिन्यांतून एकदा जातात.

भट्टीवर सुखदेव होता. गंगापूरकडचा, कंत्राटावर लागलेला, घामानं भिजलेला. मी विचारलं, "सुखदेवभाऊ, गुरुवारी जो माल जायचा होता तो कधी निघाला?"

"त्यो? त्यो आज सकाळी निघाला ना, अकराला. गुरुवारी तर भट्टीतच गेलता त्यो, रात्रपाळीला."

"गुरुवारी मिळणार नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारीच म्हाईत व्हतं मला. त्याच्या आधी दोन लॉट लाइनीत व्हते. हे बघा की." त्यानं भट्टीच्या पॅनलचं पत्र्याचं दार उघडलं. आतल्या बाजूला खडूनं पूर्ण आठवडा लिहिलेला होता. कोणता लॉट कधी आत, कधी बाहेर. अक्षर वाकडं होतं, पण वार आणि घड्याळ दोन्ही होतं.

रफिकभाई त्या दारापुढं उभे राहिले आणि वाचत राहिले. शेवटी म्हणाले, "सुखदेव, तू बोलला का नाहीस रे?"

"कोणाला बोलू? हापिसात आम्हाला येऊ देत न्हाईत. आन् तुमी तर कधी इचारलंच नाय, भाई."

मला त्या क्षणी जोगदंडांचा राग आला, रफिकभाईंचाही आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. दोन शनिवार मी या माणसाला वाक्यात वेळ कुठे बसवायची ते शिकवलं. ती आणायची कुठून, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

केबिनमध्ये परत आले तर जोगदंडांनी एक फॉर्म पुढे केला. कंपन्यांमध्ये प्रत्येक ट्रेनिंगनंतर हा भरतात. ट्रेनिंगचा उपयोग झाला की नाही, ते त्यात लिहायचं आणि खाली शिकवणाऱ्यानं सही करायची. ऑडिटला दाखवावा लागतो. एचआरनं तो आधीच टाइप करून ठेवला होता : प्रशिक्षण देऊनही सुधारणा नाही.

"सही करा, मॅडम. तुमच्यावर काही नाही येत. तिसऱ्या मेमोला हा जोडायचाय."

म्हणजे माझी सही झाली की रफिकभाई उत्तराखंडला. अम्मींना सकाळी सातला कोण उठवून बसवणार, हा प्रश्न फॉर्मवर कुठल्याच रकान्यात नव्हता.

"साहेब, त्यांचं इंग्रजी बरोबर आहे. गुरुवार तुमचा होता."

"आधीच नाही म्हटलं तर ऑर्डर दुसरीकडे जाते, मॅडम. तुम्ही कॉलेजात होता, तुम्हाला धंद्यातलं नाही कळायचं."

"हो म्हणून काल ट्रक रिकामा गेला की."

त्यांनी फॉर्म आणखी पुढे सरकवला. "तुम्हाला इंग्रजी शिकवायला बोलावलंय."

"तेच सांगतेय. इंग्रजी झालं. एक आठवडा द्या, पुढच्या लॉटचा मेल जाऊ द्या, मग सही करते."

त्यांना हे आवडलं नाही, पण फॉर्म परत ड्रॉवरमध्ये गेला. त्या दिवशी मी रफिकभाईंना शिकवलं काहीच नाही. फक्त सुखदेवचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घालायला लावला. तो त्यांच्याकडं नव्हता. एका आवारात इतकी वर्षं काम करून नव्हता.

सोमवारी मिसेस क्रामर यांचा मेल आला. पुढचा लॉट बुधवारी मिळेल का? पुढचं मला रफिकभाईंनी नंतर सांगितलं, पण इतक्या बारकाईनं सांगितलं की मी तिथं असल्यासारखं वाटतं.

त्यांनी सुखदेवला फोन लावला.

"बुधवारी नाय व्हत भाई. गुरुवारी सकाळी अकराला निघंल भट्टीतून. थंड व्हायला टायम द्या की."

मग कडक झालेला गिअर घासून मापात आणणाऱ्या ग्राइंडिंगवाल्याला विचारलं, तपासणीवाल्याला विचारलं, पॅकिंग तर त्यांच्या हातातलंच. बेरीज शुक्रवार दुपारवर आली. मेल लिहायला पाच मिनिटं लागली आणि पाठवायला पाऊण तास. साहेबांना दाखवला तर साहेब 'बुधवार टाका' म्हणणार, हे पक्कं माहीत होतं. न दाखवता पाठवला आणि बिनसलं तर तिसरा मेमो कुणी थांबवू शकणार नव्हतं.

"मग काय केलंत?"

"अल्लाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं, मॅडम."

मेल असा होता : 'इट विल नॉट बी रेडी बाय वेन्सडे. इट विल बी रेडी बाय ट्वेल्व्ह नून ऑन फ्रायडे.' बुधवारपर्यंत होणार नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत होईल. पॉझिटिव्हली नव्हतं.

उत्तर वीस मिनिटांत आलं. 'नोटेड, थँक यू. ट्रक ॲट वन ऑन फ्रायडे.' बस्स. नाराजी नाही, धमकी नाही. ज्या 'नाही'ला पूर्ण कारखाना इतकी वर्षं घाबरत होता, त्याचं उत्तर एका ओळीत आलं होतं.

जोगदंडांना दुपारी कळलं. त्यांनी रफिकभाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि बाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं की कंपनी कोण चालवतं. रफिकभाई म्हणाले, "तुम्हीच, साहेब. भट्टी सुखदेव चालवतो." हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं गेलं, त्यांना आजही कळत नाही.

शुक्रवारी पावणेबाराला खोकी गेटजवळ रचलेली होती. एकला ट्रक आला, दीडला भरून गेला.

संध्याकाळी मी फॉर्म भरायला गेले. टाइप केलेली ओळ खोडली आणि हातानं लिहिलं : इंग्रजी उत्तम. आधीच्या लॉटची वेळ चुकली, कारण ती माहीत असलेल्या माणसाला विचारून लिहिलेली नव्हती. निश्चित वेळ लिहिण्याचा आग्रह प्रशिक्षकाचा होता. वेळ कुठून आणायची ते प्रशिक्षकानं शिकवलं नव्हतं. खाली सही केली. जोगदंडांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं.

"हे ऑडिटला कसं दाखवू मी?"

"ते तुमचं धंद्यातलं, साहेब."

असा फॉर्म मेमोला जोडता येत नाही. तिसरा मेमो निघाला नाही. रफिकभाई आजही पडेगावहून सकाळच्या बसनं येतात, अम्मींचं आवरून. डिस्पॅचचे मेल आता ते साहेबांना न दाखवता पाठवतात. परवानगी दिलेली कुणी नाही, कुणी अडवतही नाही. सुखदेव मात्र अजून कंत्राटावरच आहे. त्याच्यासाठी कुणी कुठला फॉर्म काढला नाही आणि माझ्या हातात तो नव्हता. याचं मला वाईट वाटतं.

त्या कंपनीनं मला परत बोलावलं नाही. पुढची बॅच दुसऱ्या एका सरांना मिळाली, विषय होता पॉझिटिव्ह कम्युनिकेशन. तो फळा आणि रफिकभाईंचं 'हौ मॅडम' आठवतं कधीकधी.

'बाय', 'अनटिल', 'विदिन', 'सिन्स' मी आजही शिकवते. दोन शनिवार पुरतात. फक्त पहिल्या तासाला फळ्यावर काही लिहिण्याआधी प्रत्येकाला विचारते, तुमच्याकडं काम खरोखर कधी संपणार हे कुणाला माहीत असतं? नाव सांगा आणि त्याचा नंबर मोबाइलमध्ये दाखवा. बहुतेकांना नाव आठवतं. नंबर निम्म्यांकडं निघत नाही. त्यांना मी आधी शॉपवर पाठवते, नंबर घेऊन या म्हणून. तोपर्यंत मी बाहेर बसून चहा पिते, आणि एकदा तर दोन तास बसले होते.